नव्वद टक्के मेंदू झोपलाय?



या आठवड्यासाठी माझ्या मनात वेगळाच विषय होता. पण सोमवारच्या टपालात एक पत्र आलं आणि तो विषय बाजूला ठेवावा लागला. पत्र पनवेलहून आलंय, सातवीतल्या एका मुलीचं. "नाव छापू नका, वर्गात चिडवतील," असं तिनं शेवटी लिहिलंय आणि त्याखाली दोन रेघा मारल्यात. म्हणून आपण तिला नुसतं 'पनवेलकर' म्हणू या.

पनवेलकर लिहिते, "माझा दादा धडा एकदा वाचतो आणि त्याचं पाठ होतं. मला चार-चार वेळा वाचावं लागतं, तरी सनावळ्या विसरते. परवा पेपरातून एक जाहिरातीचा कागद आला. त्यावर लिहिलं होतं, माणूस मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो, उरलेला नव्वद टक्के झोपलेला असतो, तो आम्ही जागा करतो. फी बारा हजार रुपये. आई म्हणते, दिवाळीत काही घ्यायचं नाही, पण क्लास लावू. मला आधी खरं सांगा, माझा मेंदू झोपलाय का?"

नाही, पनवेलकर. तुझा मेंदू झोपलेला नाही. तुझ्या दादाचा नाही, तुमच्या वर्गात मागच्या बाकावर पेंगणाऱ्या मुलाचासुद्धा नाही. आता हे मी कशावरून म्हणतो, ते सगळ्यांनीच ऐका.

आपला मेंदू असतो सव्वा ते दीड किलोचा. म्हणजे मोठ्या माणसाच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण आपल्या शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटाच खातो! घरात नव्वद टक्के मंडळी नुसती लोळत असती, तर आईनं त्यांना रोज एवढं जेवू घातलं असतं का? शिवाय डॉक्टरांना विचारा. मेंदूच्या लहानशा भागाला इजा झाली तरी माणसाचं काही ना काही अडतं. कुणाचं बोलणं अडतं, कुणाचा हात उचलत नाही, कुणाला ओळखीचे चेहरे ओळखता येत नाहीत. दहातले नऊ भाग रिकामे असते, तर बहुतेक जखमांनी काहीच बिघडलं नसतं.

मग ही दहा टक्क्यांची अफवा आली कुठून? तिची मुळं बरीच आहेत. त्यातलं एक मूळ फार मजेदार आहे, आणि आजच्या गप्पा त्याच्याबद्दलच आहेत.

सुताराची लांबी

मेंदू चेतापेशींचा बनलेला असतो, हे तुम्ही पुस्तकात वाचलंय. चेतापेशीला लांब तंतू असतो, त्यातून विजेचे संदेश धावतात, एका पेशीचा निरोप दुसरीला मिळतो. पण मेंदूत एवढ्याच पेशी नाहीत. त्यांच्या अवतीभवती दुसऱ्या पेशींची दाटी असते. त्या विजेचे तसे संदेश पाठवत नाहीत. रुडॉल्फ विरशॉ नावाच्या मोठ्या जर्मन डॉक्टरांनी या भरावाला १८५६ साली नाव दिलं, 'न्यूरोग्लिया'. ग्रीक भाषेत ग्लिया म्हणजे सरस, चिकटवायचा डिंक. त्यांना वाटलं, चेतापेशी जागच्या जागी राहाव्यात म्हणून निसर्गानं मधल्या फटी बुजवल्या असणार. खिडकीची काच हलू नये म्हणून सुतार कडेनं लांबी भरतो ना, तशी ही मेंदूतली लांबी!

नाव पडलं ते पडलंच. पुढे शंभर वर्षं बहुतेक शास्त्रज्ञांचं लक्ष चेतापेशींकडे होतं. पुस्तकांतून असंही छापलं जाऊ लागलं की ग्लिया पेशी चेतापेशींच्या दसपट असतात. आता बघा हं, विचार करणारी एक पेशी आणि नुसत्या भरावाच्या दहा. म्हणजे मेंदूचा दहावा हिस्साच कामाचा! झालं, अफवेला खतपाणी मिळालं.

यातल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या निघाल्या.

पहिली चूक मोजणीची. ब्राझीलमधल्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजायची एक अफलातून युक्ती काढली. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूचा त्यांनी चक्क रस्सा केला! पेशी फुटल्या, पण त्यांची केंद्रकं तशीच राहिली. रस्सा नीट ढवळला की केंद्रकं सगळीकडे सारखी पसरतात. मग थोडासा थेंब घ्यायचा, त्यातली केंद्रकं मोजायची आणि गुणाकार करायचा. २००९ साली त्यांनी हिशेब मांडला: माणसाच्या मेंदूत सरासरी ८,६०० कोटी चेतापेशी, आणि बाकीच्या सगळ्या पेशी मिळून जवळपास तेवढ्याच. दसपट वगैरे काही नाही.

दुसरी चूक जास्त मोठी होती. ग्लिया म्हणजे नुसता भराव, ही.

गाडी आणि मोटरमन

पनवेल स्टेशनात उभं राहिलं की आपल्याला काय दिसतं? गाडी दिसते, मोटरमन दिसतो. पण पावसाळ्याच्या रात्री कंदील घेऊन रूळ तपासत जाणारा गँगमन आपल्याला दिसतो का? सिग्नल सांभाळणारे, विजेच्या तारांची देखभाल करणारे, डबे धुणारे? ही माणसं एक दिवस कामावर आली नाहीत, तर मोटरमन कितीही तरबेज असला तरी गाडी हलायची नाही. ग्लिया पेशींचं तसंच आहे. त्यांच्यातही वेगवेगळी खाती आहेत. आपण दोन खाती नीट बघू आणि तिसऱ्यावरून नुसती नजर टाकू.

पहिलं खातं वेष्टन घालणाऱ्यांचं. विजेच्या तारेला प्लॅस्टिकचं आवरण असतं, तसं या पेशी चेतापेशीच्या तंतूभोवती स्वतःच्याच अंगाचे पापुद्रे गुंडाळतात. या चरबीदार आवरणाला मायलिन म्हणतात. आवरण सलग नसतं. साधारण मिलिमीटरभर अंतरानं त्यात एक बारीकशी उघडी जागा राहते. संदेश या जागेवरून त्या जागेवर उड्या मारत जातो.

पनवेलकर, तुझ्याच गावचं उदाहरण घे. रोह्याकडे जाणारी साधी गाडी आपटा, जिते, हमरापूर, पेण अशी थांबत थांबत जाते. लांब पल्ल्याची जलद गाडी यातली बहुतेक स्टेशनं न थांबता मागे टाकते. रूळ तेच, अंतर तेच, पण वेळेत केवढा फरक! मायलिन नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला एखाद मीटर सरकतो, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या वेगानं. जाड आवरणाच्या तंतूतून तोच सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास धावतो. ताशी किती किलोमीटर झाले? करा गुणाकार. ३६०!

नेऱ्याचं शांतिवन

तंतू सांभाळणाऱ्या या पेशी मेंदूबाहेरही असतात. हातापायांच्या मज्जातंतूंना ज्या पेशी गुंडाळतात त्यांना श्वान पेशी म्हणतात. हसू नका, कुत्र्याशी काही संबंध नाही! थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव त्यांना दिलंय. या पेशी आजारी पडल्या तर काय होतं, हे समजायला पनवेलकरांना लांब जायला नको. पनवेलजवळ नेरे गावापाशी शांतिवन आहे. कुष्ठरोग झालेल्या माणसांवर उपचार करायचे आणि त्यांना पुन्हा आपल्या पायावर उभं करायचं, हे काम तिथे कित्येक वर्षं चालत आलंय.

नॉर्वेतल्या आर्मावर हॅन्सन यांनी १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू शोधून काढला. हा जंतू भलताच चोखंदळ. त्याला राहायला आवडतं ते श्वान पेशीच्या आत. घरात चोर शिरावा तसा तो या पेशीत शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. पेशी आजारी पडली की तिनं सांभाळलेला तंतूही हळूहळू निकामी होतो. मग त्वचेवरच्या चट्ट्याला किंवा हातापायाला स्पर्श कळेनासा होतो. तवा गरम आहे हे हाताला कळत नाही. पायात खिळा घुसला तरी माणूस चालत राहतो. दुखत नाही म्हणून जखमेकडे लक्ष जात नाही, ती चिघळते, आणि वर्षानुवर्षं असं होत गेलं की बोटं आखूड होतात, वाकडी होतात. पूर्वी लोक म्हणायचे, पापाचं फळ. घरचेसुद्धा माणसाला घराबाहेर काढायचे. खरं कारण होतं एका 'भरावाच्या' पेशीत शिरलेला जंतू!

आज हा रोग औषधांनी पूर्ण बरा होतो. एकाऐवजी दोन-तीन औषधं एकत्र द्यायची, ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं १९८१ साली सुचवली, आणि आपल्या सरकारी दवाखान्यांत ती फुकट मिळतात. वेळेवर औषध घेतलं तर व्यंगही टळतं. म्हणून अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर लाजू नका, सरळ डॉक्टरांना दाखवा.

शिकताना आत काय होतं?

हात सोडून आता परत मेंदूत येऊ. तिथे वेष्टन घालणाऱ्या पेशींचं नाव लांबलचक आहे, ऑलिगोडेंड्रोसाइट. नाव पाठ करायची सक्ती नाही! आवरण एकदा घातलं की काम संपलं, असं पूर्वी वाटायचं. तसं नसतं. आपण नवं काही शिकतो तेव्हा नवी आवरणंही घातली जातात.

२०१४ साली लंडनच्या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग जाहीर केला. उंदरांना पळायला एक चाक दिलं, पण त्याच्या काही आडव्या काड्या मधूनमधून काढून टाकल्या. म्हणजे पाय कुठे टाकायचा हे शिकावंच लागणार. साधे उंदीर सराव करून सराईत झाले. दुसऱ्या काही उंदरांत शास्त्रज्ञांनी एवढंच केलं होतं की नवीन ऑलिगोडेंड्रोसाइट तयार होणं थांबवलं होतं. जुनी आवरणं शाबूत होती, चेतापेशी शाबूत होत्या. तरी हे उंदीर ते अवघड चाक नीट शिकू शकले नाहीत.

माणसांचं काय? स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी पियानो वाजवणाऱ्यांचे मेंदू स्कॅन करून पाहिले. लहानपणी ज्यांनी जास्त तास सराव केला होता, त्यांच्या मेंदूतल्या काही भागांत तंतूंचे गठ्ठे जास्त सुबक, जास्त भक्कम दिसले. हे २००५ साली छापून आलं. आपल्याकडे तबल्याच्या क्लासात 'तिरकिट' पहिल्या दिवशी अडखळतं आणि सहा महिन्यांनी बोटं आपोआप पळतात. तेव्हा चेतापेशींमधले जोड बदललेले असतात, आणि रुळांची कामंही झालेली असतात.

चांदण्यांचं खातं

दुसरं खातं चांदणीच्या आकाराच्या पेशींचं. त्यांना ॲस्ट्रोसाइट म्हणतात. 'ॲस्ट्रो' म्हणजे तारा. यांचा एक हात रक्तवाहिनीवर, तर बाकीचे बारीक बारीक हात दोन चेतापेशींच्या जोडांवर. तिकडून रसद आणायची, इकडे पोचवायची. एका पेशीनं दुसरीला निरोप दिला की जोडावर उरलेली रसायनं टिपून घ्यायची, नाहीतर पुढचा निरोप नीट ऐकू येणार नाही.

आणि त्या नुसत्या हमाल नाहीत. १९९० साली दिसून आलं की ॲस्ट्रोसाइट चेतापेशींच्या रसायनांना प्रतिसाद देतात, आणि त्यांच्यात कॅल्शियमच्या लाटा उठून एकीकडून दुसरीकडे पसरतात. विजेची भाषा नाही, पण बोलणं चालूच असतं.

माणसाच्या चांदण्या उंदराच्या चांदण्यांहून खूप मोठ्या असतात. उंदराची एक पेशी फार तर लाख-सव्वा लाख जोडांवर लक्ष ठेवते. माणसाची एक पेशी वीस लाखांपर्यंत जोड सांभाळू शकते! मग अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी एक धाडसी प्रयोग केला. नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या मेंदूत त्यांनी माणसाच्या ग्लिया बनवणाऱ्या पेशी सोडल्या. उंदीर मोठे झाले तेव्हा त्यांच्या मेंदूत माणसाच्या चांदण्या पसरल्या होत्या. आणि हे उंदीर चकव्यातून वाट शोधणं, वस्तू कुठे होती ते लक्षात ठेवणं, असल्या गोष्टी इतर उंदरांपेक्षा लवकर शिकले. हे २०१३ साली जाहीर झालं. चेतापेशी उंदराच्याच होत्या, बरं का!

असं संशोधन परदेशातच होतं असं समजू नका. पनवेलहून हार्बरची लोकल धरा, सीएसएमटीला उतरा आणि कुलाब्याची बस पकडा. तिथे समुद्राकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेनं २०११ साली एका छान प्रश्नाचं उत्तर दिलं. आठवणी साठवायला मदत करणारा मेंदूचा जो भाग आहे, हिप्पोकॅम्पस, तो गर्भात तयार होताना आधी चेतापेशी बनतात आणि मग ॲस्ट्रोसाइट. 'आता चेतापेशी पुरे, चांदण्या करायला घ्या,' हे कोण ठरवतं? उंदरांवर काम करून त्यांना दिसलं की एलएचएक्स-टू नावाचं जनुक इथे राखणदारासारखं उभं असतं. ते काढून टाकलं तर चांदण्या वेळेआधीच बनू लागतात. ते जास्त वेळ चालू ठेवलं तर चेतापेशी बनत राहतात. भरावाच्या पेशी असत्या तर निसर्गानं त्यांचं वेळापत्रक एवढं काटेकोर ठेवलं असतं का?

तिसरं खातं आहे मायक्रोग्लियाचं. या मेंदूतल्या पहारेकरी आणि माळीणबाई. जंतू, मेलेल्या पेशी त्या उचलतात, आणि मेंदू वाढत असताना न लागणारे जोड छाटतात. माळी गुलाबाची छाटणी करतो, तसंच.

आइन्स्टाइनची गोष्ट जपून

आता कुणीतरी नक्की म्हणणार, आइन्स्टाइनच्या मेंदूत ग्लिया जास्त होत्या! हे बऱ्याच पुस्तकांत असतं. १९८५ साली अमेरिकेतल्या मेरियन डायमंड यांनी आइन्स्टाइनच्या मेंदूचे चार तुकडे तपासले. त्यातल्या एका तुकड्यात चेतापेशींच्या मानानं ग्लिया जास्त आढळल्या. पण तुलनेला होते फक्त अकरा माणसांचे मेंदू, आणि आइन्स्टाइन तर एकच. एका माणसावरून नियम बसवता येत नाही. म्हणून 'ग्लिया जास्त म्हणजे हुशारी जास्त' असं गणित मांडू नका. तसं केलं, तर आपणही त्या जाहिरातीच्या कागदासारखेच होऊ.

पनवेलकर, आता तुझं उत्तर

तुझ्या डोक्यात बारा हजार देऊन जागं करावं असं काहीही झोपलेलं नाही. ज्या पेशींना जग शंभर वर्षं भराव समजत होतं, त्याही रात्रंदिवस कामावर आहेत. तू हे पत्र लिहीत होतीस तेव्हासुद्धा होत्या.

दादाचं एकदा वाचून पाठ होतं, तुला चारदा वाचावं लागतं. असतो असा फरक. पण ती चार वाचनं एकाच संध्याकाळी करू नकोस. आज एकदा, उद्या एकदा, चार दिवसांनी एकदा, आठवड्यानं एकदा. मधे पुस्तक मिटून स्वतःलाच विचार, काय आठवतंय? आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नकोस. झोपेत आठवणी पक्क्या होतात. आतल्या मंडळींना काम करायला वेळ लागतो, एवढंच. आणि दिवाळीच्या खर्चाचं म्हणशील, तर हे पान आईला वाचून दाखव.

करून बघा

वहीच्या कोपऱ्यात आजची तारीख घाला. उजव्या हातानं लिहीत असाल तर डाव्या हातानं (डावखुऱ्यांनी उजव्या हातानं) आपलं पूर्ण नाव पाच वेळा लिहा. किती सेकंद लागले ते घड्याळात बघून नोंदवा. रोज फक्त पाच वेळा, असे १४ दिवस. चौदाव्या दिवशी पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. वेळेचा आलेख काढता आला तर उत्तमच. या चौदा दिवसांत तुमच्या डोक्यात कुठला क्लास आला नव्हता, हे लक्षात ठेवा.

आई-बाबांसाठी दोन ओळी

मेंदूचा कपाळामागचा भाग पुढचा विचार करतो, राग आवरतो, बेत आखतो. तिथली मायलिनची कामं सगळ्यात उशिरा, विशी उलटल्यावरही चालू असतात. तेव्हा तेरा वर्षांच्या मुलाला "तुला एवढंही कळत नाही?" असं विचारण्याआधी आठवा, तिथे अजून रूळ टाकणं चालू आहे.

डाव्या हातानं लिहिलेल्या नावांचे कागद मला जरूर पाठवा. पनवेलकर, तुझाही पाठव. नाव वाचून मी कुणाला सांगणार नाही!